दोन टिंबं

डिसेंबरात ताम्पेरेला दुपारी तीनलाच अंधार पडतो,
आणि जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आउलिक्की आणि तार्मो
बरोबरच्या चिन्हावरून भांडत बसतात.

क = ख + १
फळ्यावर एवढीच ओळ.

आउलिक्की रोखीवाली.
म्हणते, आत्ताच्या आत्ता मोज.
ख चार आहे, म्हणजे क पाच. झालं.
उद्या ख चं काहीही होवो,
क ने आपलं माप पदरात घेऊन घरी जावं.

तार्मो म्हणतो, घाई कुणाला आहे?
क कुणी मागितलाच नाही तर?
नुसती चिठ्ठी ठेव: लागेल तेव्हा ख ला विचार.
त्याच्या उधारीत जगातले सगळे आकडे
एका खोक्यात मावतात,
कारण खोक्यात आकडे नसतातच,
पुढचा कसा काढायचा, तेवढं असतं.
हे सांगताना तो इतका खूश होतो
की आउलिक्कीसुद्धा क्षणभर गप्प बसते.

मी या भाषेची माहितीपुस्तिका लिहिते.
पान चौदा तीन आठवडे कोरं आहे.

तार्मोच्या वहीत बारा वर्षांपूर्वीची एक नोंद होती:
सॉनाच्या शेगडीवर दगड कसे रचायचे, बाबांना विचार.
या ऑक्टोबरात शेगडी उतरवली, तेव्हा तो विचारायला गेला.
बाबा खिडकीशी बसले होते. हसले. कॉफी घे म्हणाले.
मग म्हणाले,
कुठली शेगडी?

हे त्याने आम्हाला जेवताना सांगितलं,
बटाटा सोलता सोलता,
जणू दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्राममधली चूक.

सोमवारी फळ्यावर
बरोबरच्या चिन्हाआधी दोन टिंबं होती,
विसर्गासारखी, श्वास सोडल्यासारखी.
अक्षर तार्मोचं.
आउलिक्की जिंकली होती.
ती कोट न काढता बराच वेळ फळ्यासमोर उभी राहिली.
तिच्या दारावर अजून दोन आडनावं आहेत;
एकदा लिहिलं ते लिहिलं.
मग तिने खडू घेतला
आणि खाली तीच ओळ पुन्हा लिहिली,
टिंबांशिवाय.
म्हणाली, दोन्ही ठेवू.

पान चौदा आता भरलं आहे.
टिंबं दिली तर आत्ता. नाही दिली तर मागाल तेव्हा,
आणि तेव्हा जे असेल ते.
उदाहरणात मी शेगडीचं नाव घेतलं नाही.
क आणि ख च ठेवले.