एक जानेवारी

पायसांदूत नदीकाठी माझं औषधाचं दुकान, रात्रपाळीचं.
शटर ओढलेलं, फक्त वीतभर खिडकी उघडी.
तिच्यातून मी तापाची सिरपं देते, सुटे पैसे घेते,
आणि मधल्या वेळात मांडीवर संगणक घेऊन
लहान मुलांच्या लॅपटॉपमधल्या चुका निस्तरते.
पगार नाही. कुणी सांगितलेलंही नाही.
भाऊ म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या.
भाजते, म्हणते मी. तवा तापलाच आहे.

मार्चमध्ये पेरूच्या पठारावरून तक्रार आली.
मास्तर निकानोर त्तितो. उंची चार हजार मीटर.
सव्वीस मुलं, एकोणीस मशिनं,
त्यातली चार दुसऱ्यांच्या अवयवांवर जगणारी.
'थंडीने घड्याळाचा सेल मरतो', त्यांनी लिहिलं होतं,
'मशीन उठतं आणि म्हणतं,
आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
रोज.
मुलांची वही तारखेने लागते.
दिओनिसियाचे तीन महिने
एका दिवसात कोंबले गेलेत.'

सोबत तिची चित्रं होती.
अल्पाकाचं पिल्लू मेलेलं,
मग उभं राहिलेलं, लोकर कातरलेलं,
मग आईच्या पोटातून डोकं काढताना.
सगळं एकाच तारखेला.

तार्तूहून आइवारने लिहिलं, नवा सेल बसवा.
मास्तरांनी हिशोब पाठवला:
सेल दोन सोल, तो आणायला जायचं भाडं चौदा.
त्यानंतर सेलचं नाव कुणी काढलं नाही.

किगालीची देवोता, जिच्या मशीनचा पडदा
उजव्या कोपऱ्यात तडकलेला आहे, ती म्हणाली,
घड्याळावर कशाला विसंबता? पानांवर विसंबा.
शेवटचं पान कालचं असेल, तर हे आजचं.

इतकं सोपं. तरी अकरा रात्री गेल्या.
माझ्या पहिल्या दुरुस्तीने वह्या उलट्या लागल्या,
दुसरीने देवोताच्या शाळेतली चौदा मशिनं गोठली.
कुणी ओरडलं नाही.
भूलचूक देणेघेणे, एवढ्यावरच आमचा धंदा चालतो.
तिसरी जुळली तेव्हा पहाटेचे तीन,
खिडकीत एक बाप, कडेवर घरघरणारं मूल,
मी त्याला दोनदा मोड दिली.
सतरा ओळी होत्या. आइवारने न बोलता नऊ केल्या.
त्याची शाबासकी अशीच असते.

पुढचा प्रवास बसने, मग बटाट्याच्या ट्रकने,
मास्तरांच्या खिशात, अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये.

जूनमध्ये उत्तर आलं.
दिओनिसियाचं पिल्लू आधी जन्मतं, मग मरतं.
ती खूश आहे. थोडी रडली, पण खूश आहे.
फक्त रोमुलो आपलं मशीन देत नाही.
त्याची आई फेब्रुवारीत खाणीवर गेली, भटारखान्यात.
जाताना त्याच्या वहीत आवाज ठेवून गेली,
शेळ्यांना मीठ घाल, दार नीट लाव, असलंच काहीतरी.
त्याच्या मशीनमध्ये ती आजच गेली आहे.
तुमची दुरुस्ती बसवली
तर ती चार महिन्यांपूर्वी गेलेली असेल.
'ही ऐच्छिक करता येईल का?' मास्तर विचारत होते.

मी पत्र मिटलं. खिडकीत कुणी नव्हतं.
नदीवर एक बार्ज भोंगा न वाजवता गेली.
मग लिहिली दहावी ओळ, एक छोटी चौकट:
तारखा जुळवू का?
हो. आत्ता नको.

आइवार, जो स्वल्पविरामही कापतो,
त्याने ती ओळ तशीच ठेवली.
देवोताने मात्र विचारलं,
मुलाने काहीच निवडलं नाही, तर काय धरायचं?

ऑगस्ट संपत आला.
प्रश्न अजून उघडा आहे.