खदीर सरांचा फळा

वसमतच्या मोंढ्यामागं, हळदीच्या गोदामावर
खदीर सरांचा क्लास.
फळ्यावर खडूपेक्षा पिवळी धूळ जास्त.

"हमाल बघ, लेकरा," खिडकीकडं बोट करायचे,
"डोक्यावरचं खाली उतरवतो.
एक्सचा घन? तीन खाली आण, पुढं ठेव.
वर एक कमी. राहिले दोन."

बेरजेचं त्यांना काहीच वाटायचं नाही:
ज्यानं त्यानं आपापलं हलावं.

गुणाकाराला मात्र थांबत.
माझा बाप तिथंच खाली, काट्यावर.
भाव चढतोय, हळद वाळून हलकी होतेय,
मग पैशाचं काय होतंय?
"आधी वजन धरून ठेव, भाव हलू दे.
मग भाव धर, वजन हलू दे.
दोन्ही मिळव. दोघं एकदम सुटले
तर हिशेब कुणाच्या मागं धावंल?"

साखळी नियमाच्या दिवशी वर पोतंच आणलं.
आधी बाहेरच्या तागाची शिवण उसव,
मग आतल्या पिशवीची गाठ.
आतली विसरलीस की मार्क गेले.

भागाकारात वजाबाकी आधी कुणाची,
मी अजून चुकते. जिंतूरला शिकवते, तरी.

परवा गेले होते. तोच सदरा, तेच गोदाम,
पोरं चारच.
"माझं काय," सर हसले,
"मी स्थिरांक. विकलज शून्य."

एकटा असला तरच, सर.
पाच एक्सचं तुम्हीच करून दाखवलं होतं:
एक्स निघून जातो,
पाच फळ्यावर राहतो.