पळ

आमच्या गावाला नाव नाही, नंबर आहे : सत्तावन्न.
गयानाच्या या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी
समुद्र आमच्या चुलीपेक्षा उंच असतो.
हे आम्हाला लहानपणीच कळतं.
मग ते विसरून आम्ही भात पेरतो, क्रिकेट खेळतो.

शेवटची ओव्हर. सात हव्यात. एक विकेट.
ऑरिन कॅडोगन रनअपच्या टोकाशी
चेंडू पँटवर घासतोय,
कसलीच घाई नसलेल्या माणसासारखा.
माझ्या एकेचाळीस झाल्यात. त्या कुणी केल्या, आठवत नाही.
ग्लव्हची पट्टी चौथ्यांदा उघडली, चौथ्यांदा लावली.
मिडविकेटपलीकडे गाई सहा.
पुन्हा मोजल्या. सहाच.
जीभ टाळूला चिकटलेली.
रमच्या दुकानापाशी कुणीतरी माझं नाव घेतं
आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं.
साइटस्क्रीन म्हणून बांधलेल्या चादरीशेजारी बाप.
तो काहीच बोलत नाही,
आणि तेवढंच मोठ्यानं ऐकू येतं.

पहिला चेंडू : दोन.
दुसरा ऑफस्टंपच्या इतक्या जवळून गेला
की किपर हसला.

बिसून मधे आला. अकरावा. वय साठ, पॅड एकाच पायाला.
तो कोकर राखतो,
कोकर म्हणजे कालव्याच्या तोंडाशी
समुद्राला लावलेलं लाकडी दार.
ओहोटीला उचलायचं, भरती वळली की पाडायचं.
मला वाटलं सांगेल काहीतरी,
डोकं शांत ठेव, चेंडू बघ, असलं.
त्यानं विचारलं, "किती वाजले?"
मी म्हटलं, माहीत नाही.
"सव्वापाचला दार उचलायचंय," म्हणाला
आणि आपल्या टोकाला परत गेला.

तिसरा चेंडू पायावर, पुढे टाकलेला,
आठवडाभर ज्याची स्वप्नं पाहिली होती, तोच.
मी तो नुसता लाँगऑनकडे ढकलला
आणि ओरडलो : पळ!
दोन आरामात होत्या. बिसून वळलाही होता.
मी हात वर करून त्याला परत पाठवला,
क्रीजमध्ये बॅट टेकली
आणि बुटाची नाडी बघत उभा राहिलो.
इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

चार हव्यात, तीन चेंडू, समोर बिसून.
एक त्यानं अडवला. एक त्याला दिसलाच नाही.
शेवटच्याला त्यानं बॅट फिरवली
शेतातली गाय हाकलावी तशी,
आणि मागे मधला स्टंप आडवा.

तीन धावांनी हरलो.
चव्वेचाळीस नाबाद, म्हणाले लोक,
पोरानं एकट्यानं किल्ला लढवला.
पाठीवर थापा पडल्या.
प्रत्येक थाप मोजली.

बिसून पॅड न सोडताच बांधावरून निघाला होता.
मी त्याच्या मागोमाग का गेलो, सांगता येत नाही.
कालवा काठोकाठ भरलेला,
पाण्यावर भाताच्या काड्या, एक चप्पल, फेस.
कोकरच्या चाकाशी पोचल्यावर त्यानं बाही वर सारली.
मनगटावर घड्याळ होतं.
चालू.

"चार मिनिटं आहेत," तो म्हणाला, आणि बसला.
मी त्या घड्याळाकडे बघत राहिलो.
"बिसून, दोन होत्या."
"होत्या."
मग बराच वेळानं, चिखल खरवडत,
"धाव काढलीस, की पळ काढलास?"
त्यात राग नव्हता. किती वाजले, विचारल्यासारखं.
"तुला भीती वाटली नाही?"
"मला? मी वेळ कशाला विचारली मग?"

त्यानंतर कुणी बोललं नाही.
दाराच्या फटीतून खारं पाणी ठिबकत होतं.
बोटं अजून थरथरत होती, मी ती थरथरू दिली.
जुन्या हिशेबात चार मिनिटं म्हणजे दहा पळं.
त्यातलं एकही मी काढलं नाही.

मग तो उठला. म्हणाला, "धर."
चाक जड होतं. साखळी कुरकुरली.