दम

उपकेंद्राच्या कपाटातून बीपीचं यंत्र गेलं,
तेव्हा मी आधी शिपायाला बोलले.
पट्टा फाटलेला, रबर चिरलेलं,
पण डायल ठणठणीत.
सापडली आमच्याच पत्र्याच्या शेडात,
जिप्सीच्या डॅशबोर्डवर, दोन स्क्रूंनी आवळलेली.

"तीनशेपर्यंत दाखवते," हे म्हणाले,
"आपल्याला अडीचशे बास."
कुणाचं?
"इंजिनाचं."

सत्त्याण्णवची जिप्सी, लष्कराच्या लिलावातली,
हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा रंग.
विट्याहून रेणावीचा घाट लागला
की दुसऱ्या गिअरला रडायची,
आणि मागून उसाचा ट्रॅक्टर
दोन भरल्या ट्रॉल्यांनिशी
आम्हाला हॉर्न मारायचा.

मग शिरोलीच्या भंगारातून ते आलं.
कुठल्या जपानी गाडीच्या पोटातलं, खरबुजाएवढं,
आत दोन रोटर, जोडीनं फिरणारे,
एकमेकांना न शिवता,
फुगडी घालावी पण हात धरू नयेत तसे.
सुपरचार्जर म्हणायचं त्याला.
इलाही मुलाणीनं लेथवर पुली कातली, तीनदा.
पहिली बारीक झाली, दुसरी वाकडी.
ब्रॅकेट माझ्या माहेरच्या कॉटच्या अँगलचं.
हे मला गाडी सुरू झाल्यावर कळलं.

"जुनं इंजिन त्याला झेपेल तेवढीच हवा ओढतं," हे सांगत होते,
नळीवर क्लिप आवळत, मध्ये थांबत,
"हा ती आत कोंबतो."
मी म्हटलं, कोंबलेलं पचलं पण पाहिजे.
म्हणून तर हेडखाली जाड गॅस्केट घातलंय, म्हणाले,
जसं काही मी तेच विचारलं होतं.

तीस वर्षं यांनी सेलमला गलाई केली.
भट्टीला वारा दिला की कोळसा पांढरा होतो
हे यांना कुणी शिकवायला नको.
तेजाबाच्या तांबूस धुरानं काय होतं
ते एक्स-रेत आहे.
फाईल फ्रिजवर असते, पंपाखाली.

बुधवारी लसीकरण आटोपून आले
तशीच डाव्या सीटवर बसले, पर्स मांडीवर.
आकडे वाचायचं काम माझं.
पायथ्याला शून्य.
तिसरा गिअर. पट्टा किंचाळला, मग सुरात लागला,
कुकरची शिट्टी होण्याआधीचा सूर.
साठ. शंभर. एकशेसाठ.
जन्मभर मी काटा उतरताना वाचला,
हा चढताना वाचायचा होता.
दोनशे दहाला उसाचा ट्रॅक्टर मागे पडला.
ड्रायव्हरनं तोंडातली मशेरी थुंकून आमच्याकडे बघितलं.
हे हसले. खोकले. पुन्हा हसले.
दोनशे चाळीस.

आणि मग तो आवाज,
पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.
मला इंजिनातलं काही कळत नाही,
पण छातीतली खरखर मी दारातून ओळखते.
"पाय काढा," म्हटलं.
यांनी काढला. एका सांगण्यात.
चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

वर रस्त्याकडेला गाडी लावली.
बॉनेट उघडलं. तेलाचा वास, तापलेल्या रंगाचा वास.
टायमिंग पुढे राहिलंय, म्हणाले,
आणि डिस्ट्रिब्युटर अंगठ्यानं फिरवला मागे,
तिळभर,
तान्ह्या बाळाची मान वळवावी तसा.
सरळ उभे राहिले आणि यांनाच दम लागला.
बंपरला टेकले. मी पर्समधून पंप काढला, हलवला, दिला.
एक.
थांबा, ओढू नका लगेच.
दोन.

खालून ट्रॅक्टर आला, हॉर्न न मारता गेला.

"बंद करू का इंजिन?" विचारलं.
हातानं नको म्हणाले. शब्द जरा वेळानं आले,
"चालू दे. तापलंय.
दम खाऊ दे त्याला."
काटा शून्यावर थरथरत होता.
मी पण उतरून बंपरला टेकले.

गुरुवारी रजिस्टरात नोंद केली:
रक्तदाबमापक, एक नग, नादुरुस्त, निर्लेखित.
मग डायल आठवली,
आणि नादुरुस्त तेवढं खोडलं.