साडेतेवीस

सासरे चाळीस वर्षं लेथवर होते,
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
तिथे आता काचेची इमारत आहे
आणि तिचा वॉचमन त्यांना गेटच्या आत सोडत नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या डिसेंबरात त्यांनी
दक्षिणेच्या गॅलरीतून घरात शिरलेल्या उन्हाची कड
खडूने लादीवर आखली.
कुसुमताईंनी ती पुसली.
मग पेन्सिल. तीही गेली.
तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, थोडे संकोचून,
"सूनबाई, तुझं ते नखांना लावायचं लाल आहे का?"

तेव्हापासून दर रविवारी
सावली सगळ्यात आखूड झाली की
हॉलमध्ये एक लाल ठिपका पडतो.
पलंगाच्या पायाशी सुरू झालेली रांग
मागे मागे सरकत गॅलरीच्या उंबऱ्याकडे निघते.
पाहुणे विचारतात, मुंग्यांचं औषध का?

डिसेंबरातले ठिपके एकमेकांना चिकटून,
मार्चमधले लांब लांब.
"टोकाला आलं की मंदावतंच," ते म्हणाले,
"आमच्या शेपिंग मशीनचा रॅमही असाच.
वळायच्या आधी दम घेतो."

मला इतकी वर्षं वाटायचं,
उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ जात असू.
चुलीजवळ गेलं की भाजतं, तसं.
स्वरदाने भूगोलाचं पुस्तक पुढे केलं:
सगळ्यात जवळ आपण जानेवारीत असतो.
जानेवारीत. म्हणजे येऊरवरून वारा येतो
आणि आप्पा कानटोपी शोधतात, तेव्हा.
"पन्नास लाख किलोमीटर जवळ जाऊन हुडहुडी?"
मी पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं. ती करपली.

आप्पांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.
"डबाभर रंग आहे. पत्रा सरळ समोर धरलास
तर दाट बसेल.
तिरका धरलास, तर तोच रंग
जास्त पत्र्यावर पसरणार. पातळच लागणार की नाही?
थंडी म्हणजे पातळ लागलेलं ऊन.
वर दिवसही लहान. म्हणजे रंग मारायला वेळही कमी."

मग पुस्तकातली आकृती त्यांनी
चष्मा कपाळावर नेऊन पाहिली.
मधोमध सूर्य, चार बाजूंना चार पृथ्व्या,
चौघींचा आस एकाच बाजूला कललेला.
डुलत नाही. वळत नाही. वर्षभर तीच दिशा धरून
नुसती प्रदक्षिणा.
"साडेतेवीस अंश," स्वरदा म्हणाली.

ते बराच वेळ गप्प होते.
केसाच्या जाडीएवढा कल असला
तरी ज्यांनी शाफ्ट बाजूला फेकला,
ज्यांच्या डायलचा काटा थरथरला
की सुपरवायझरआधी ज्यांचंच तोंड उतरायचं.
"साडेतेवीस," ते म्हणाले. "रिजेक्ट."
आणि मग हसत सुटले, ठसका लागेपर्यंत.

त्यांचा स्वतःचा डावा खांदा खाली आहे,
उभं राहून राहून.
शिंपी न विचारता माप धरतो.

मेच्या मध्याला रांग उंबऱ्यावर संपली.
त्या दिवशी बारा पस्तीसला आम्ही गच्चीत:
ते, स्वरदा, मी, तिसऱ्या मजल्यावरचे मढवी.
सिमेंटवर त्यांनी पितळी बुश उभा ठेवला.
सावली आखडत गेली, आखडत गेली
आणि बुशाच्या खाली जाऊन बसली.
मढवी आपली सावली शोधत स्वतःभोवती फिरले.
"आता सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला,"
आप्पा म्हणाले. "परत जाताना पुन्हा एकदा येईल."

परत येतो तो जुलैच्या शेवटी.
मी विसरले होते.
बारा चाळीसला ते छत्री घेऊन वर निघाले,
खिशात बुश.
आभाळ खालपर्यंत आलेलं, येऊर गायब,
कुणाचीच सावली नव्हती,
पाण्याच्या टाकीचीसुद्धा.

खाली येऊन त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले,
वही उघडली.
मी नंतर वाचलं:
सत्तावीस जुलै. बारा पंचेचाळीस.
दिसलं नाही. असणार.