मोजणी

तार्तूत दुपारी तीनलाच काळोख.
टेबलावर प्लास्टरचे चोवीस जबडे,
नावं नाहीत, तळाशी नुसते आकडे.
कुणी तार सोसली, कुणी पारदर्शक साचे घातले,
हे मला कळू नये, असा नियम.

कॅलिपर सरकवते.
सतरा नंबरचा सुळा अजून जरा वळलेला,
हाक मारल्यावर मान अर्धीच फिरवावी तसा.
साच्यांतलाच असणार, मन म्हणतं,
कागदी रुमालात गुंडाळून ते
शाळेच्या कँटीनमध्ये विसरणारा रास्मुस.
मनाचं म्हणणं तक्त्यात बसत नाही.
शून्य पूर्णांक आठ, लिहिते.

बाविसावा सरळ, फूटपट्टीने आखल्यासारखा.
हेइनो पोस्टमन तर नव्हे?
एकसष्टाव्या वर्षी तार बांधून
दोन हिवाळे सफरचंद किसून खाल्लेला.
तार निघाली त्या दिवशी
तोंड मिटूनच बसला होता,
जीभ आत फिरवत,
घरात कुणी नवं राहायला आल्यासारखी.

उद्या पाकीट फुटेल.
गुण इकडे थोडे जास्त,
महिने तिकडे थोडे कमी, असंच काहीसं.

माझा स्वतःचा खालचा एक दात
रात्रीची पट्टी सोडल्यापासून
हळूहळू जुन्या जागी निघालाय.
त्याला अजून कुणी नंबर दिलेला नाही.