जाळी

रात्री अकरा वाजता, त्सुकुबात, तिसऱ्या मजल्यावर
मी एक खाडी पेटवायला बसते.
सहाव्यांदा.
अर्ध्या मीटरचे घन, एक्केचाळीस लाख,
प्रत्येकाला विचारायचं,
तू पाणी, तेल, लाकूड की नुसती हवा?

खाडी पेटत नाही.
फुटलेल्या टाकीतलं जड तेल पसरून पातळ होतं,
खाली मार्चमधलं पाणी,
सगळी ऊब खालच्या खाली निसटते.
ज्योत उठते, बसते, जाते.
गणित म्हणतं, हे जळूच शकत नाही.
फोटो म्हणतात, दोन रात्री जळत होतं.

दुपारी निइनुमा कियोए आल्या होत्या, वय एक्क्याऐंशी.
टेकडीवरच्या शाळेच्या गच्चीतून
त्यांनी ते सगळं पाहिलेलं.
मी पडदा त्यांच्याकडे वळवला:
ढिगारा म्हणजे तपकिरी ठोकळे,
घनता अमुक, ओलावा तमुक.
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, "हे लाकूड कोरं आहे हो.
आमचं काहीच कोरं नव्हतं."

सांगत गेल्या.
मासळीचे थर्माकोलचे खोके. गाद्या.
सासूबाईंचं कपाट, उताणं.
नवऱ्याचं नायलॉनचं जाळं, आदल्याच आठवड्यात शिवलेलं.
(माझ्या जाळीत त्यांचं जाळं नव्हतं.)
आणि ततामी,
"त्या चटया तेल पीत होत्या. निवांत.
टोकं तेवढी पाण्याबाहेर."

टोकं.
वात म्हणजे तरी काय वेगळं?
पाय तेलात, डोकं वर.

तर आता मी चटईला छिद्रं देते,
छिद्रांना तहान.
तेल किती चढेल, मिनिटाला किती मिलिमीटर,
याचं एक समीकरण आहे, जुनं, साधं,
मला ते शाळेपासून पाठ आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी एक घन लाल होतो.
मग शेजारचा.
मग ढिगाऱ्याचं अख्खं बेट पेटतं आणि
ओहोटीबरोबर शीतगृहाकडे निघतं,
फोटोत निघालं होतं तसंच.
मी खुर्चीतून उठून "हो!" म्हणते, मोठ्यानं,
आणि लगेच दार बंद आहे ना ते बघते.

सकाळी फोन केला.
म्हटलं, पेटलं, निइनुमा-सान.
वीस मिनिटांची चूक आहे, पण पेटलं.
पलीकडे किटलीची शिट्टी, मग तीही थांबली.
"आणि विझतं कधी?"

मी तेवढं चालवलंच नव्हतं.